उतरतानाचं वजन

गोदामातली मालाची लिफ्ट म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हतं. चार मजले, एक मोटर आणि एका दोराला टांगलेला लोखंडी पिंजरा. तिचा ब्रेकचा रेझिस्टर बसवायचं काम बहीण-भावाने घेतलं होतं. गणित बहिणीचं, पाना-पक्कड भावाची. भाऊ वयाने मोठा, मस्करीत त्याहून मोठा. दिवा बसवायला तो पिंजऱ्यात शिरला तेव्हा दोर ताणून पिंजरा बोटभर खाली बसला. बाहेर उडी मारली तसा टणकन वर आला.

"पोट कमी कर, दादा!"

"बहात्तर किलो, मास्तरीणबाई. सकाळीच त्या गोदामाच्या काट्यावर मोजलंय."

वजन खाली येताना मोटरलाच फिरवतं आणि मोटर वीज बनवायला लागते. ती वीज रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जिरते. उतारावर सायकलचा ब्रेक तापतो ना, तसंच. रेझिस्टर लहान पडला, की मोटर चालवणारा ड्राइव्ह हात टेकतो आणि पिंजरा अधांतरी अडकतो. म्हणून चाचणी पुरी होईपर्यंत पिंजऱ्यात माणूस बसायचा नाही, हा तिचा नियम. दादा दर कामावर तो मोडू बघायचा आणि ती दर वेळी त्याचा शर्ट धरून त्याला मागे ओढायची. आई गेल्यापासून त्याच्याशिवाय तिला होतं तरी कोण?

दुपारी तिने रिकामा पिंजरा वर पाठवला. सगळं हिशेबाप्रमाणे. खाली आणला आणि रेझिस्टरच्या पेटीतून नवी तार करपल्याचा वास सुटला. मीटरचा आकडा भलताच वर चढला होता.

"मीटर बिघडलं," दादा म्हणाला.

दुसरं लावलं. पिंजरा पुन्हा वर, पुन्हा खाली. आकडा तोच.

"घर्षण असेल गं."

"घर्षण खातं रे, देत नाही!" तिचे डोळे चमकायला लागले होते. वर जाताना काही नाही आणि खाली येताना ओझं! असलं कोडं जन्मात एखादंच हाती लागतं. ती जमिनीवरच फतकल मारून बसली आणि उलटं गणित मांडलं: आलेल्या विजेतून रिकाम्या पिंजऱ्याची वजा केली, वेगाने भागलं, उरलं ते जास्तीचं वजन. पेन्सिल थांबली. मग ती एकदम खळखळून हसली.

"दादा, बहात्तर किलो! अरे, तूच उतरतोयस की काय?"

"मग मला वर चढवतंय कोण?" म्हणत तो जिन्याकडे पळाला. त्यालाही आता राहवत नव्हतं. थोड्या वेळाने वरून त्याचा आवाज घुमला. "इथं चिटपाखरू नाही गं! नुसती धूळ. पिंजरा पाठव, मी बसतो. जास्तीचं वजन दुप्पट आलं, तर तुझं गणित पक्कं!"

'नको' तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तो आकडा तिलाही हवा होता, इतका हवा होता की छाती धडधडत होती. रेझिस्टर काही लहान नाही, तिने स्वतःला समजावलं, आणि बटण दाबलं.

पिंजरा वर गेला. दार आपटलं. शीळ घालत दादा निघाला. तिने श्वास रोखून मीटरकडे पाहिलं.

आकडा चढला आणि थांबला.

तिने पुन्हा पाहिलं. रिकाम्या पिंजऱ्याचा आकडा. हिशेबात होता तोच, जास्तीचं काही नाही.

तिने पेटीजवळ हात नेला. पेटी जेमतेम कोमट होती.

शीळ जवळ येत होती. तिसरा मजला. दुसरा. दादाचीच शीळ, नेहमीसारखी शेवटी बेसूर होणारी.

पिंजरा खाली येऊन दोरावर थांबला.

"किती आलं?" दार सरकवत दादाने विचारलं. तेच हसू, शर्टावर तोच ग्रीसचा डाग.

"बाहेर ये ना, दादा," ती कशीबशी म्हणाली. तिची नजर त्याच्या पायांखाली होती.

दादा उडी मारून बाहेर आला.

पिंजरा तसूभरही हलला नाही.