गाळलेली लाट

खोटं वाटेल... पण माझ्या मावशीला वाढदिवसाची गंमतसुद्धा पोटात ठेवता येत नाही. ती थाप कसली मारणार?

हे घडलं गेल्या हिवाळ्यात. धुक्याची दुपार, बंदरावरचं तिचं ऑफिस.

मावशीचं काम लाटांवर नजर ठेवायचं. समुद्रात तरंगणारे बोये लाटांची उंची सिग्नलनं कळवतात. एखादी लाट शेजारणींपेक्षा फारच उंच दिसली, की कॉम्प्युटर तिला बिघाड समजून गाळून टाकतो. ते गाळलेलं मावशी पुन्हा तपासते. राक्षसी लाट सापडली तर त्यातच सापडते.

त्या दुपारी गाळलेल्यात एका उंच लाटेचा सुळका दिसला.

मग दुसरा... पहिल्याहून उंच.

बोया नंबर तीन.

मावशीनं खिडकीतून खाली पाहिलं. तीन नंबर दुरुस्तीसाठी बाहेर काढला होता. खिडकीखालीच, अंगणात आडवा पडला होता. त्याची बॅटरीही काढलेली.

"ताई, कोरड्या जमिनीवर लाटा?" मेकॅनिक हसला. खाली जाऊन बघून आला, तेव्हा मात्र तो हसत नव्हता.

"बंदच आहे हो..."

तिसरा सुळका आला. दुसऱ्याच्या दुप्पट.

तीन नंबरची समुद्रातली जागा मावशीला पाठ होती. नेमके तिकडेच तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, निघाले होते, जहाजांना वाट दाखवणारी बोट घेऊन.

तिनं वायरलेस उचलला.

"अहो, मागे फिरा! मोठी लाट येतेय."

"कुणी सांगितलं?"

"तीन नंबरनं."

"अगं, तो तुमच्या अंगणात लोळतोय की! इथं समुद्र अगदी शांत आहे. भांडायचं ते घरी भांड."

खर्रर्र...

वायरलेस बंद पडला.

मावशी बटण दाबत राहिली. तो पुन्हा सुरू होईना.

बऱ्याच वेळानं धुक्यातून बोट आली. काका धडधाकट! धक्क्याला दोर बांधतात न बांधतात, तोच लांबवर काहीतरी गडगडलं... आणि पाणी बंदराच्या भिंतीवरून आत उसळलं.

मावशीनं सगळ्यांदेखत त्यांना मिठी मारली. "ऐकलंत एकदाचं माझं!"

"ऐकणार नव्हतो." काका पांढरेफटक पडले होते. "पण तू परत बोललीस ना..."

"मी? वायरलेस बंद होता."

"रडत होतीस. म्हणालीस, मागच्या वेळी ऐकलं नाहीत, आता तरी ऐका."

मागची वेळ अशी कधी आलीच नव्हती.

काका आज ठणठणीत आहेत. पण जेवताना मावशी मध्येच त्यांच्या हाताला हात लावते. तो गरम लागला, की मगच पुढचा घास घेते.