उत्तर येईपर्यंत

"तर मुलांनो, अर्ध्याचं अर्धं किती? शाब्बास, अगदी बरोबर!"

व्हिडिओतल्या आवाजाने प्रश्न विचारला आणि स्वतःच शाबासकी देऊन मोकळा झाला. माझ्या वर्गातले हात अजून अर्ध्यावरच होते. पहिल्या बाकावरची वेणीवाली मागे वळून म्हणाली, "बाई, शाब्बासकाका आजपण थांबले नाहीत."

"त्यांच्या घरी कुणी बोलत नसेल गं," मी व्हिडिओ बंद करत म्हणाले. "बिचाऱ्यांना उत्तर ऐकायची सवयच नाही."

दारात कुणीतरी खोकलं. खांद्याला पिशवी, वाऱ्याने विस्कटलेले केस, उंच शिडशिडीत अंग. पंखा बघायला माणूस येणार होता, तोच असणार असं समजून मी वर बोट दाखवलं. "तो पंखा. लावला की नुसता घरघरतो."

त्याने मान वर करून पंख्याकडे अगदी मन लावून बघितलं. "घरी बोलतात," तो म्हणाला. "बहीण तर फारच बोलते. ऐकायचं माझंच राहून जातं."

मुलांनी एकमेकांकडे बघितलं. व्हिडिओत नुसती चित्रं असायची, त्यामुळे चेहरा कुणालाच माहीत नव्हता. पण हा आवाज... मग सगळे एका सुरात ओरडले, "शाब्बासकाका!" धरणीने पोटात घेतलं असतं तर मी खुशीने गेले असते.

तो आणि त्याची ताई मिळून शाळांसाठी हे व्हिडिओ करायचे. चित्रं तिची, आवाज त्याचा. कुणीही बघावेत, कुणीही वर्गात लावावेत, पैसे नाहीत. आता त्यांचा वर्गात उपयोग कसा होतो हे बघायला तो शाळाशाळांतून फिरत होता, आणि मुख्याध्यापकांनी मला न सांगता त्याला माझ्याच वर्गावर धाडलं होतं.

"पंखा नाही जमायचा," मधल्या सुट्टीत तो म्हणाला, "पण तक्रार ऐकून घेतो."

"फुकट मिळतंय त्याला काय नावं ठेवायची? धर्माची गाय आणि दात का गं नाय..."

"मोजा हो दात. कुणी मोजतच नाही. सगळे 'छान आहे' म्हणतात, आणि आम्हाला कळत काहीच नाही."

"मग सांगा, तुम्ही थांबत का नाही?"

"शांतता झाली की लोकांना वाटतं व्हिडिओ अडकला. बंद करून टाकतात."

"माझी मुलं बंद करत नाहीत. विचार करतात. विचार करणारं पोर कसं दिसतं, माहीत आहे तुम्हाला?"

"नाही," तो म्हणाला. इतक्या सरळपणे 'नाही' म्हणणारा माणूस मी फारसा पाहिलेला नव्हता. मग तो हसला. हसण्याआधी तो डोळे मिटतो, हे मी तेव्हाच टिपून ठेवलं. उगाचच.

"मग दर बुधवारी येत जा," मी म्हणाले. "शेवटच्या बाकावर बसायचं. बोलायचं नाही."

तो खरंच येऊ लागला. त्या छोट्या बाकावर त्याचे गुडघे हनुवटीला टेकायचे आणि मुलं खुदुखुदु हसायची. विचार करताना कुणी छताकडे बघतं, कुणी पायाचा अंगठा जमिनीवर घासतं, हे त्याला हळूहळू दिसायला लागलं. सगळ्यात जास्त वेळ वेणीवालीला लागायचा. ती फ्रॉकचा काठ दुमडायची, उलगडायची, पुन्हा दुमडायची, आणि मग उत्तर यायचं ते अचूक. एकदा त्याला राहवेना. त्याचे ओठ उघडले, मी वर्गाच्या या टोकाकडून डोळे वटारले, आणि त्या मोठ्या माणसाने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. त्या दिवशी फळ्यावरचं गणित मी चुकवलं.

बुधवारी माझे केस जरा जास्तच नीट विंचरले जायला लागले. आईच्या नजरेतून सुटतंय थोडंच? "आज बुधवार वाटतं," एवढंच म्हणून ती डबा भरायची.

शाळेसमोरच्या टपरीवर चहा घेताना त्याने एकदा विचारलं, "मुलांच्या वेळेबद्दल तुम्ही एवढ्या हळव्या का?"

"कारण मीही त्यांच्यातलीच. मागे एकाने मला विचारलं होतं... लग्नाचंच. मी म्हटलं, विचार करते. विचार करून 'हो' सांगायला गेले, तोवर त्याचं दुसरीकडे जमलं होतं." मी हसायचा प्रयत्न केला. "आई म्हणते, तुझं उत्तर येईपर्यंत समोरच्याचे केस पांढरे होतील."

"थांबायला काय झालं होतं त्याला?"

"घाई सगळ्यांनाच असते. तुम्हाला वेगळं सांगायला नको."

तो कपातल्या चहाकडे बघत राहिला. कुणीतरी एकदा, एकदाच, माझ्यासाठी थांबावं एवढीच माझी इच्छा होती. ती मी बोलले नाही, पण त्याला कळली असं मला वाटलं.

कुठलं काय. पुढच्याच बुधवारी, शाळेच्या फाटकाशी, वाऱ्यावर पानं उडत असताना तो एका दमात म्हणाला, "एक विचारू? तुम्ही मला आवडता. बुधवार नसला तरी आवडता. तुम्हाला... मी...?"

त्याच्या शर्टाचं एक बटण दोऱ्यावर लोंबत होतं, मी त्या बटणाकडेच बघत राहिले. शब्द निघाला होता. खरंच निघाला होता, वाटेतच होता...

"नाही ना?" तो म्हणाला. "असू दे. कळलं मला. वाईट वाटून घेऊ नका."

आणि रस्ता ओलांडून तो समोर आलेल्या बसमध्ये चढलासुद्धा.

माझं तोंड उघडंच राहिलं. प्रश्न त्याचा, उत्तर त्याचं. फक्त 'शाब्बास' म्हणायचा राहिला होता. आधी संताप आला. रडू आलं ते घरी पोचल्यावर.

नंतरचे बुधवार शेवटचा बाक रिकामाच राहिला. "काका रुसले का, बाई?" वेणीवालीने विचारलं. "नाही गं," मी म्हणाले. "मग तुम्ही रुसलात?" मी हजेरीचं पुस्तक उघडलं.

अशात अपूर्णांकांचा नवा व्हिडिओ आला. मी तो निमूटपणे लावला. "अर्ध्याचं अर्धं किती?" ओळखीच्या आवाजाने विचारलं, आणि आवाज थांबला. पडद्यावर एक बटण उमटलं, 'आमचं झालं'. ते दाबेपर्यंत पुढे काहीच होणार नव्हतं. चित्रातला लांबोडका माणूस स्टुलावर बसला. त्याने छताकडे बघितलं, पायाचा अंगठा जमिनीवर घासला, आणि शर्टाचा काठ दुमडून उलगडला. वेणीवालीनेही फ्रॉकचा काठ दुमडला, उलगडला, पुन्हा दुमडला. मग ती उठली, पुढे आली, बटण दाबलं आणि वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाली, "पाव."

वर्गाने टाळ्यांचा कडकडाट केला. मी पाठ वळवून कोरा फळा पुसत राहिले. या माणसाने सगळ्या वर्गासाठी थांबायचं ठरवलं, आणि माझ्यासाठी मात्र बस पकडली. आता माझं उत्तर घेऊन मलाच जायला हवं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी पटकन ठरवलं.

मुख्याध्यापकांकडून पत्ता घेऊन संध्याकाळी त्यांच्या घरी पोचले तेव्हा पावसाने झोडपायला सुरुवात केली होती. दार ताईने उघडलं. माझ्या गळत्या छत्रीकडे बघून ती म्हणाली, "पंख्यावाल्या बाई ना? या. पत्र्यावर पाऊस वाजतोय, रेकॉर्डिंग बंद आहे. मागच्या खोलीत बसलाय तो. हल्ली इतका गप्प असतो की ताप आहे का ते मी हात लावून बघते."

आवाज घुमू नये म्हणून मागच्या खोलीच्या भिंतींना रजया टांगल्या होत्या. मधोमध माइकसमोर तो बसला होता. मला बघून उठला, तेव्हा स्टूल पडलं.

"फाटकाशी विचारलेला प्रश्न पुन्हा विचारा," मी म्हणाले.

"उत्तर माहीत आहे मला."

"तुम्हाला तुमचंच माहीत आहे. माझं अजून यायचंय."

त्याने स्टूल उचललं, खाली ठेवलं. "तुम्हाला... मी आवडतो का?"

पत्र्यावर पाऊस कोसळत होता. खरं सांगायचं तर उत्तर शाळेतून निघतानाच तयार होतं. तरी मी छताकडे बघितलं. त्याचे ओठ उघडले, पुन्हा मिटले. त्याचा अंगठा जमिनीवर घासायला लागला. पाऊस मंदावला, मग नुसती पागोळी गळत राहिली, तरी तो एक अक्षर बोलला नाही. नुसता बघत होता, वेणीवालीकडे बघायचा तसा, उत्तर नक्की येणार या खात्रीने. माझ्यासाठी असं कुणी कधीच थांबलं नव्हतं. मला भरून आलं, आणि खूप खूप आनंद झाला.

"हो," मी म्हणाले.

तो गप्पच.

"अहो, हो म्हणाले मी."

"ऐकलं. पूर्ण झालं का ते बघतोय. पहिला शब्द आला की उडी मारायची नाही, असं एका बाईंनी शिकवलंय."

"नाही झालं पूर्ण," मी म्हणाले. "मला बुधवार पुरत नाही. आणि यापुढे 'तुम्ही' नको, 'तू' म्हण."

त्याने डोळे मिटले आणि हसला. त्याचा हात माझ्या हातापर्यंत आला, आणि मी तो धरेपर्यंत तिथेच थांबला.

इतक्यात कोपऱ्यातल्या स्पीकरमधून ताईचा आवाज आला. "पाऊस कधीचा थांबलाय, आणि माइक चालूच आहे. ही एवढी मोठी शांतता कापू, की ठेवू?"

"ठेव," तो म्हणाला. आणि त्याच क्षणी, जराही वेळ न घेता, मीही.