कापूरमिडीची चोरी

"चोरी कैऱ्यांची, आणि त्यासाठी शिरसीहून माणूस बोलावलाय!" सुब्राय गाडीतून उतरता उतरता पुटपुटला. "अक्का, आपण एवढे रिकामटेकडे कधी झालो?"

"तू कधी नव्हतास, तम्मा?" भागीरथी हेगडेंनी पदर खोचला आणि पंचायतीच्या पायऱ्या चढू लागल्या.

लग्नाच्या चौकशीपासून सोन्याच्या अफरातफरीपर्यंत, तालुक्यात ज्याचं कोडं सुटेना तो भागीरथींचं दार ठोठावी. धाकटा भाऊ सुब्राय गाडी चालवी, सोबत करी आणि कुठे काय चांगलं खायला मिळतं ते लक्षात ठेवी. एवढ्या भांडवलावर तो स्वतःला अर्धा गुप्तहेर समजे.

पंचायतीच्या अध्यक्ष रेणुका नायक दारातच उभ्या होत्या. डोळे जागरणानं सुजलेले.

"अक्का, आज चार वाजता ग्रामसभा आहे. हुलियाला काढून टाकायचा ठराव येणार. तो चोर नाही, मी शपथेवर सांगते. पण माझ्या शपथेला सभेत कोण विचारतं?"

हुलिया गौडा म्हणजे नदीकाठच्या कापूरमिडीचा राखणदार. लोणच्याच्या कोवळ्या कैरीला, म्हणजे मिडीला, कापराचा वास येणारं असं झाड त्या खोऱ्यात एकच उरलं होतं. रस्तारुंदीत तेही जायचं, पण पंचायत आडवी पडली. ठराव केला, झाडाला गावाचा वारसा ठरवलं, राखणदार नेमला. वर्षातून एकदा उतरवणी, आणि त्या दिवशी घरटी ओंजळभर मिडी. यंदाची उतरवणी तोंडावर आली आणि परवा एका रात्रीत झाड ओकंबोकं झालं.

"त्या रात्री गाव कुठे होतं?" भागीरथींनी विचारलं.

"रात्रभराच्या यक्षगानाला. हुलियालाही मीच म्हटलं, जा, बघून ये. पदं गाणाऱ्या भागवतांचा गळा सुरुवातीलाच बसला, ती शेवटपर्यंत मद्दळे वाजवणाऱ्याच्या भावानं गायली. तरी कोणी हललं नाही, मेळा वर्षानं येतो ना."

"आणि मिडी सापडल्या?"

"हुलियाच्या झोपडीमागच्या खताच्या खड्ड्यात, वर पाला टाकलेल्या. म्हणून तर सगळे त्याच्यावर उठलेत. मला विचाराल तर हे शानभाग सावकाराचं काम. लोणच्याचा व्यापारी. गेल्या महिन्यात इथे येऊन म्हणतो, यंदा मिडी आत्ताच उतरवून टाका, उतरवणीच्या दिवसाची वाट बघू नका! आम्ही पोट धरून हसलो. बोका म्हणतो दुधाची राखण मी करतो, तशातली गत."

तिघंही झाडाशी आली. बुंध्याभोवती सिमेंटचा नवा पार होता, थेट खोडाला भिडलेला. पुढच्या बाजूला रेणुकांच्या नावाची फरशी.

"गेल्या वर्षी बांधला," रेणुका अभिमानानं म्हणाल्या. "झाडाला मान नको? आणि मान दिल्यावर फळलंही तसंच. एवढा बहर म्हाताऱ्यांनीही पाहिला नव्हता."

भागीरथी मान वर करून बराच वेळ पाहत राहिल्या. एक फांदी मोडलेली नव्हती. मिडी गेल्या होत्या, त्यांचे देठ मात्र डहाळ्यांना तसेच लोंबत होते. पानं पिवळट, टोकांशी करपलेली.

पारामागून सुब्रायची आरोळी आली. "शी! शी! अक्का, पाय गेला!"

मागची एक लादी कोणीतरी उखडली होती आणि मातीत शेणाचा पातळ काला ओतला होता. सुब्राय चप्पल गवताला पुसत होता. मधेच थांबून त्यानं हुंगलं.

"शेणाला गुळाचा वास कसा येतो गं?"

"खाण्याच्या बाबतीत तुझं नाक चुकायचं नाही," भागीरथी म्हणाल्या. त्यांनी वाकून बोटावर माती घेतली.

हुलिया झोपडीपुढे बसला होता. भागीरथींना पाहूनही उठला नाही.

"पारामागे शेण तू ओतलंस?"

"मी कशाला ओतू, अम्मा? तो पार झाडून झाडून माझे हात मोडले."

भागीरथींनी खड्ड्यातून मूठभर मिडी काढल्या. एकीलाही देठ नव्हता.

"तेच मी ओरडून सांगतोय!" हुलिया उसळला. "देठ नसलेली मिडी मिठात घातली की सडते, हे या गावात पोराटोरांना ठाऊक. मला चोर म्हणा, म्हणोत बापडे. पण एवढा गाढव समजतात?" आता तो उठला. "अम्मा, सभेत माझी बायको पुढच्या रांगेत बसते. तिच्यादेखत मला चोर म्हणतील हो."

भागीरथींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चार वाजायचेत अजून."

शानभाग सावकारांनी आगतस्वागत जोरात केलं. धण्याजिऱ्याचं गरम कषाय आलं, पातळ दोसे आले, सोबत मिडीचं लोणचं. सुब्राय तिथेच विरघळला. सावकारांच्या उजव्या गालावर पैशाएवढा काळा डाग होता, कडेनं सोललेला.

"दाढी करताना लागलं," नजर तिकडे गेलेली पाहून ते म्हणाले.

"परवा यक्षगानाला होता?"

"होतो म्हणजे? पहिल्या पदापासून शेवटच्या पदापर्यंत! काय गायले भागवत! काय तो गळा!"

गाडीत बसताच सुब्रायनं निकाल दिला. "सावकारच. मिडी चोरली आणि हुलियाच्या माथी मारली. लोणचं मात्र फक्कड करतो लेकाचा."

"मग देठ झाडावर का राहिले?"

"घाईत तोडली असेल."

"घाईत ओढलेली मिडी देठासकट हातात येते, तम्मा. देठ झाडावर ठेवायचा तर प्रत्येक मिडीपाशी हात थांबवावा लागतो. एवढे कष्ट करून माल मातीमोल कोण करेल?"

सुब्रायनं गाडी चालू केली.

ग्रामसभा झाडाखालीच भरली. ठराव वाचायला घेतला तोच भागीरथी उठल्या.

"आधी माझं ऐका. हुलिया चोर नाही. खरं तर इथे चोरीच झालेली नाही."

सभेत गलका झाला. रेणुकांनी टेबलावर हात आपटून तो शांत केला.

"मिडी देठाविना खुडल्या, म्हणजे लोणच्यासाठी नाही. कोणी खुन्नस काढली म्हणावं, तर एक डहाळी मोडलेली नाही. उलट पारामागची लादी काढून मुळांना शेणगुळाचा काला पाजलाय. ही शत्रूची करणी वाटते का तुम्हाला? ही शुश्रूषा आहे. पानं बघा. तुमचं झाड मरतंय."

"पण यंदा तर एवढं फळलं!" रेणुका म्हणाल्या.

"जीव जायला लागला की झाड असं फळतं, मागे बी राहावं म्हणून. तुम्ही मान म्हणून सिमेंटचा पार बांधलात, मुळांना ना हवा ना पाणी. त्यात हा फळांचा भार. तो उतरवला तरच झाडाला तग धरायला ताकद उरते. हे कोणाला कळलं होतं? जो महिन्याभरापूर्वी पंचायतीत येऊन म्हणाला, मिडी आत्ताच उतरवा. का उतरवा, ते त्याला कोणीच विचारलं नाही."

माना एकदम शानभागांकडे वळल्या.

"सावकार, एका रात्रीत एवढं झाड फांदी न मोडता उतरवणारे गडी फक्त तुमच्या पदरी आहेत. त्या रात्री भागवतांचा गळा बसला होता, तुम्ही मात्र त्याचं कौतुक केलंत, कारण तुम्ही तिथे नव्हताच. आणि वस्तऱ्यानं कापलं तर लाल रेघ उठते. काळा डाग पडतो तो मिडीच्या चिकाचा. खाली उभं राहून वर दिवा दाखवत होता ना?"

सावकार उठले.

"होय. आधी मीच सांगितलं होतं, तुम्ही हसलात. व्यापाऱ्यानं 'मिडी उतरवा' म्हटलं की त्यात त्याचा फायदाच असणार! म्हणून देठ झाडावर ठेवायला लावले, एक मिडी कोणाच्या बरणीत जायला नको. झाडाला ज्या खड्ड्यातलं खत जातं त्यातच टाकली, ती खत होऊन झाडालाच मिळावी म्हणून." ते रेणुकांकडे वळले. "माझ्या आईनं विकायला पहिली बरणी या झाडाची भरली, त्यावर आम्ही भावंडं वाढलो. रस्त्याच्या वेळी झाड जायचं होतं. मी तेव्हा भीतीनं घरात बसलो. तुम्ही सगळे पुढे झालात. रेणुका, या पंचायतीचे उपकार माझ्या सात पिढ्यांना फिटायचे नाहीत."

रेणुकांनी सभेदेखत हात जोडले. "उपकार तुमचे, सावकार. आम्ही झाड वाचवलं आणि आम्हीच त्याचा गळा आवळत होतो. ठराव फाडा तो. नवा लिहा, पार आजच फुटला पाहिजे."

"आणि मी?" पुढच्या रांगेतून हुलियाचा आवाज आला.

तो बायकोच्या शेजारून उठून सावकारांसमोर आला.

"दोन दिवस गाव माझ्या तोंडावर थुंकत होतं, सावकार. तुम्ही ऐकत होता."

शानभागांची मान खाली गेली. "जीभ रेटली नाही रे. चुकलो."

"चुकलातच. मला सांगितलं असतंत तर शिडी मी धरली असती." हुलियानं झोपडीतून पहार आणली आणि त्यांच्या हातात दिली. "झाड वाचलं तर तुमचे पाय धरीन. आधी फोडा."

धोतराचा काचा मारून सावकारांनी पहिला घाव घातला, तो नीट बसला नाही. तेव्हा हुलियानं त्यांच्या हातांवर आपले हात ठेवले, आणि दुसरा घाव दोघांनी मिळून घातला.