वैनीच्या ओठांतली सुई

"वैनी, अगं काय हे! पाव्हण्यांसमोर..."

रायभान कडाडला आणि आसराबाईनं कपबशी खाली ठेवली. चहा खालच्या ओठावरून हनुवटीवर, तिथून लुगड्यावर ओघळला होता, आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता! समोर रायभानचे, तिच्या डॉक्टर दिराचे, सासरे बसलेले. "म्हातारपण, दुसरं काय!" म्हणत ती हसली, पण अंतःकरण विदीर्ण झालं होतं...

आईमागं या पोरक्या दिराला कडेवर घेऊन तिनं मेंढरं राखली होती. त्यानं अंबडात दातांचा दवाखाना थाटला, तेव्हा हाडात स्क्रूचा खिळा बसवून त्यावर दात लावायच्या इम्प्लांटला कुणी जबडा देईना. "पहिला खिळा माझ्या जबड्यात ठोक!" म्हणणारी तीच! खिळा बसला, आणि ओठ जो बधिर झाला तो झालाच. बोलावं तर नव्या दवाखान्याची अब्रू जाणार! तिनं मूठ झाकलेलीच ठेवली.

पाव्हणे गेले. आसराबाई रायभानच्या लेकीसाठी गोधडी शिवायला बसली. दोरा तोडताना सवयीनं सुई ओठांत धरली.

"वैनी, रक्त!"

"कुठं?"

रायभान कापूस घेऊन तिच्यासमोर बसला. "डोळे मीट. ओठाला कापूस लावून राह्यलो. कळतंय?"

"कळतंय की!"

"अगं, मी अजून हातच लावला न्हाई..."

तिची मान खाली गेली. रायभाननं तिचे पाय धरले. "जबड्याच्या हाडातून नस जाते, वैनी, तीच ओठाला जाण देते! तिच्या बरंच वर थांबायचं सोडून मी लांब स्क्रू थेट तिच्यावर टेकवला... आन वर तुलाच बोललो! जल्दी चल, आत्ताच काढतो!"

"लोक काय म्हणतील रे?"

"लोकांना मीच सांगीन, माझा हात चुकला म्हणून! हाड भरल्यावर आखूड बसवू, मोजूनमापून. पण ओठाची जाण येईलच, असा शब्द देता येत न्हाई, वैनी..." त्याला हुंदका आवरेना. तिनंच त्याचे डोळे पुसले.

स्क्रू निघाला. कित्येक आठवडे काहीच नाही... मग हनुवटीला मुंग्या आल्या. आणि एका दुपारी दवाखान्यात किंकाळी घुमली!

खुर्चीतल्या पेशंटला तसंच सोडून रायभान हातमोज्यांनिशी मागच्या खोलीत धावला. मांडीवर गोधडी, ओठावर बोट, डोळ्यांत पाणी...

"टोचली रे, टोचली!"

"दुखलं का, वैनी?"

"लई दुखलं!" ती म्हणाली आणि लहान पोरीसारखी हसत सुटली.