हिरव्या चिंधीची कोठी

"चोर घरातलाच आहे. फक्त कबूल करवून द्या," खुर्चीत बसता बसताच गुणाकर गजभिये म्हणाले.

भरवेलीच्या खाणीत त्यांनी पस्तीस वर्षं टाइमकीपरी केली होती. बोलणंही हजेरी घेतल्यासारखं.

बालाघाटात खाजगी तपासाची पाटी लावून बसलेल्या देवश्री मेश्रामने वही उघडली. शेजारी गजेंद्र, तिचा दीर, निवृत्त पोस्टमन. मोटारसायकल त्याची आणि चुकीचे तर्कही त्याचेच.

हकीकत अशी. पत्नी प्रेमलताचा पहिला स्मृतिदिन परवा झाला. भंतेजी आले, पंगत बसली. तिच्या आवडीचा सुवासिक चिन्नोर तांदूळ वर्षभर राखून ठेवलेला. पानात वाढला तर वासच नाही! पाव्हणे एकमेकांकडे बघू लागले.

"आदल्या संध्याकाळी मी अन् माह्या पोरीनं, रचनानं, कोठीतला दाणा हुंगला. घमघमाट होता. मग कुलूप लावून चाबी सूनबाईले देली. रातभर तिच्याजवळच होती. तिनंच बदलला! उद्या तिले माहेरी, लांजीले पोहचवून देतो."

"आणि मुलगा?"

"मोहित नागपूरले नौकरीवर. बायकोचीच बाजू घेऊन राह्यला."

ते गुणाकरांच्या गावी, रामपायलीला पोहोचले तेव्हा दुपारचा भात चुलीवर होता.

"वा! आज बेत आहे वाटते," गजेंद्र उंबऱ्यावरच म्हणाला.

"कायचा बेत? रोजचा साधा भात. हप्त्याचा तांदूळ मीच मोजून देतो." मग गुणाकर एकदम ओरडले, "रूपाली, दूध लागून राह्यलं!"

आतून सूनबाईने भांडं उतरवल्याचा आवाज आला.

"नाक मोठं तेज आहे बुवा," गजेंद्र देवश्रीच्या कानात म्हणाला.

कोठीच्या खोलीत पत्र्याच्या दोन सारख्या कोठ्या होत्या. भिंतीला ताजा चुना. एका खिळ्यावर चुन्याचे शिंतोडे उडालेली हिरवी चिंधी लटकत होती.

"चुना कोणी मारला?"

"मीच. आठ दिवस झाले. कोठ्या बाहेर काढल्या, परत ठेवल्या. भिंतीकडची चिन्नोरची. दाणा दोन्हीचा सारखाच बारीक, फरक वासाचाच."

"आणि ही चिंधी?"

"प्रेमलता चिन्नोरच्या कोठीले बांधे. तिची सवय."

रचना ठाम होती. "मी स्वतः हुंगला. बाबासारखंच नाक आहे माझं."

रूपालीची ट्रंक भरलेली होती.

"तांदूळ तू बदललास?"

"नाही."

"मग काय झालं?"

"ते मले सांगता येत नाही, ताई. कोणाले तरी शब्द देला आहे."

"सासऱ्याच्या घरातून चोर म्हणून जाशील."

तिने पदर डोळ्यांना लावला. "जाते."

देवश्री स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने दोन वाट्यांत भात घेऊन आली.

"यातला चिन्नोर कोणता?"

गुणाकरांनी दोन्ही हुंगल्या. "हा डावा."

"नाही, उजवा," रचना म्हणाली.

गजेंद्रने नाक खुपसलं. "अरे, दोन्हीत वासच नाही!"

"कसा असेल? दोन्ही वाट्या परवाच्या पंगतीच्या कोठीतल्याच तांदळाच्या," देवश्री म्हणाली. "चिन्नोर आहे तिथं, चुलीवर. गजेंद्रला उंबऱ्यावर कळला, तुम्हाला घरात बसून कळला नाही."

"मले करपलेलं दूध समजते!"

"समजणारच. नाकात शेकडो तऱ्हेची प्रथिनं असतात, प्रत्येक ठरावीक वास टिपतं. ती घडवायची कृती जनुकात असते. एखादं जनुक जन्मापासून वेगळं असलं तर एखादाच वास कळत नाही, बाकी सगळे कळतात. हेच ते असावं, कारण लेकीलाही तुमच्यासारखंच नाक मिळालंय. चुना मारताना चिंधी सुटली, तुम्ही कोठ्या उलट्या ठेवल्या. आठ दिवस घरात चिन्नोर शिजला आणि पंगतीला साधा गेला. चोरी झालीच नाही."

रचना मान खाली घालून म्हणाली, "बाबा हौ म्हणत, म्हणून मीबी हौ म्हणे."

गुणाकरांनी दोन्ही वाट्या दूर सारल्या. तांदळाच्या मुलखात जन्मलेल्या माणसाने हे कोणाला सांगावं? "चव्वेचाळीस वर्षं," ते म्हणाले. "ती ताट नाकाशी धरून विचारे, मी हौ म्हणे. तिले फसवलं मी."

"ज्या बाईला वास येतो, ती कोठीला चिंधी कशाला बांधेल?" देवश्रीने विचारलं.

रूपाली पुढे आली.

"आईले लग्नाच्या सालापासून माहीत होतं, बाबा. जाताना मले म्हणे, चिंधीवर ध्यान ठेवजो, त्याहिले चारचौघांत खाली पाहू देजो नको. हप्ताभर चिन्नोर रांधला तं मले वाटलं, आईच्या आठवणीनं तुम्हीच देऊन राह्यले. पंगतीचा भात आचाऱ्यानं रांधला, मले पंगतीतच समजलं. तोवर पानं वाढली होती."

"अन् मी तुले पाव्हण्यांसमोर चोर म्हटलं तेव्हा? तेव्हा काहून नाही बोलली?"

"पंगत बसलीच होती, बाबा."

वर्षभर एकटेच जेवणारे गुणाकर उठले. ट्रंक उचलून त्यांनी आतल्या खोलीत ठेवली. मग स्वतः दोन पाट मांडले आणि रूपालीला समोर बसवलं. भाताची वाफ वर येत होती.

"मले नाही येत," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच. "कसा राह्यते तो वास, सांग बरं."

रूपालीने थोडा विचार केला.

"आई घरात असल्यावाणी, बाबा."