पुलाच्या अलीकडं उतरायचंय

ही गोष्ट खरी आहे. तुम्हाला खोटी वाटली तर खुशाल वाटू द्या. मला तुमच्या लाइकची गरज नाही.

या पेजवरच्या बऱ्याच कथा मी वाचल्यात. पैंजणांचा आवाज, पांढरी साडी, अमावस्या, पिंपळाचं झाड. वाचून हसू येतं. मी हिंगोलीत ज्युनिअर कॉलेजला भौतिकशास्त्र शिकवते. आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, लिंबू-मिरची नाही. भुताखेताचं बोलणाऱ्याला आमच्याकडं चहासुद्धा हसत हसतच देतात.

म्हणून आधीच सांगते. अमावस्या नव्हती. रात्रसुद्धा नव्हती.

मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यातली भर दुपार होती. बुद्ध पौर्णिमेच्या आदल्या रविवारची. जागा वारंगा फाटा.

आम्ही गाडी बघायला गेलो होतो.

गाडीची हौस माझे मोठे दीर सोनाजी भाऊजी यांना. घरातली माणसं एका गाडीत बसावीत म्हणून मोठी सात सीटची गाडी घ्यायची, असं ते सगळ्यांना सांगत. मला खरं कारण माहीत होतं. त्यांना चारचाकी नको होती, चारचौघांनी वळून बघावं अशी चारचाकी हवी होती. ते रस्त्यांची छोटी-मोठी कंत्राटं घेतात. त्यांनी केलेल्या रस्त्यावरून जायचं तर मोठीच गाडी लागते, हेही खरं.

माझं म्हणणं होतं, घ्यायची तर नवी घ्या. तिचा मागचा इतिहास तरी नसतो.

म्हणून आधी नांदेडच्या शोरूमला गेलो. टाय लावलेल्या पोरानं अर्धा तास सनरूफ उघडून दाखवलं. आमच्याकडच्या मे महिन्यात डोक्यावरचं छप्पर उघडायचं म्हणे! ब्रेकबद्दल विचारलं तर तो मोबाइलमध्ये शोधायला लागला. वर गाडी हातात यायला कित्येक महिने लागणार होते.

भाऊजींना तेवढा धीर कुठला.

"जुनी घेऊ," ते म्हणाले. "तेवढ्यातच याच्याहून डबल मोठी येती."

वारंगा फाट्याला किशनराव नावाचा माणूस जुन्या गाड्या विकतो. दोन्ही हातांत अंगठ्या, तोंडात साखर.

"डॉक्टरची गाडी हाय साहेब. एकहाती. नुसती दवाखान्यात जायची न् यायची."

आमच्या भागातली प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरचीच असते. तरी हिंगोलीत वेळेला एक डॉक्टर सापडत नाही.

गाडी पांढरी होती. अवाढव्य. भाऊजी तिच्याकडं असे बघत होते, जसं लग्नात कोणी जेवणाच्या पंगतीकडं बघतं.

चालवून बघायचं ठरलं. भाऊजी स्टिअरिंगवर, बाजूला किशनराव. मधल्या सीटवर मी आणि माझे मिस्टर धम्मानंद. आणि सगळ्यात मागच्या, तिसऱ्या रांगेत... आमच्या सासूबाई. कमलबाई. सत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेली बाई.

"आई, मागं बसून बघ. मागची सीट कशी वाटती सांग," भाऊजी म्हणाले.

आईला तपासणीचं वजन म्हणून मागं चढवलं त्यांनी. मधली सीट दुमडून, दोघांनी हात धरून. मिस्टर नेहमीप्रमाणं गप्प. आईंचा पट्टा मीच लावला, त्यांच्या बोटांत जोर नाही.

गाडी आखाडा बाळापूरच्या दिशेनं निघाली.

थोडं गेलो आणि...

टिंग. टिंग. टिंग.

समोर लाल दिवा लागला. मागच्या रांगेत कोणीतरी पट्टा न लावता बसलंय, असा त्याचा अर्थ.

मी वळून बघितलं. आईंचा पट्टा बरोबर लावलेला होता. दिवा दुसऱ्या बाजूच्या सीटचा होता.

ती सीट रिकामी होती.

"सेन्सर हाय मॅडम," किशनराव हसला. "पिशवी ठेवली तरी वाजतो."

पिशवी नव्हती. काहीच नव्हतं. बिघडलेला सेन्सर, एवढाच अर्थ मी घेतला. अशा माणसाच्या गाडीत दुसरं काय असणार?

मग मागून आईंचा आवाज यायला लागला. अगदी बारीक. मला वाटलं, बुद्धवंदना म्हणतायत.

पण वंदना म्हणताना माणूस मधेच थांबत नाही.

आई थांबत होत्या... मग हुंकार देत होत्या... मग पुन्हा बोलत होत्या.

समोरच्याचं ऐकून घेतल्यासारखं.

वाटेत एक नाला आहे. त्याच्यावर जुना पूल, कडेला दोन-चार बाभळी. पूल ओलांडला आणि आई मोठ्यानं म्हणाल्या,

"अरे सोनाजी, थांबव की! त्या बाईला पुलाच्या अलीकडं उतरायचं होतं. कवाची सांगून राहिली बिचारी. तुमी काहून ऐकून राहिले न्हाई?"

भाऊजींनी आरशात बघितलं.

"कोणती बाई, आई?" मी विचारलं.

"ही काय. किशनरावच्या घरची हाय ना?"

मी किशनरावकडं बघितलं. तो हसत नव्हता. खिडकीबाहेर बघत होता.

"ऊन लागलं आईला," भाऊजी म्हणाले आणि गाडी वळवली.

मलाही तेच वाटलं. म्हातारं माणूस, भर मे महिना, मागं एसी नीट पोचत नव्हता. फाट्यावर येऊन थांबलो. आईंना उतरवायला मी मधली सीट दुमडली. नजर सहज शेजारच्या सीटवर गेली.

सीट दबलेली होती.

आणि माझ्या डोळ्यांदेखत... हळूहळू... वर येत होती.

माणूस उठून गेल्यावर फोम वर येतो ना, तशी.

मी कोणाला काही बोलले नाही. फोमला वेळ लागतो, उष्णतेनं तो मऊ पडतो, असं स्वतःला शिकवलं. वर्गात शिकवते तसं. भाऊजींना एवढंच म्हटलं, "ही नका घेऊ. सेन्सर बिघडलाय."

"तुला गाडीतलं काय कळतं?" ते म्हणाले.

त्याच आठवड्यात गाडी दारात उभी राहिली. गल्लीभर पेढे वाटले. मागच्या काचेवर स्वतःचं नाव लिहून घेतलं.

पुढचे काही महिने गाडी पळत राहिली. टिंग टिंग कधी वाजायचं, कधी नाही. भाऊजींनी मेकॅनिककडून ते दोनदा बंद करून आणलं. दोन्ही वेळा ते पुन्हा सुरू झालं. मेकॅनिक चोर आहे, असं भाऊजींनी जाहीर केलं. त्यांच्या मते त्यांच्याशिवाय सगळेच चोर असतात.

विचित्र एवढंच की, आईंना आता मागंच बसायचं असायचं. गुडघे दुखले तरी.

"ती एकटीच असती मागं," त्या म्हणायच्या.

जाऊबाईंनी आईंचं बोलणं हसण्यावारी नेलं. मिस्टर म्हणाले, वय झालंय. मी डॉक्टरांना दाखवलं. डोकं ठणठणीत निघालं. तारीख, वार, नातवंडांचे वाढदिवस, सगळं बरोबर सांगत होत्या.

मग पोळ्याच्या आधीचा तो दिवस.

नांदेडला पुतणीच्या बाळाचं बारसं होतं. तिथून परत निघालो. चार वाजून गेले असतील. पाऊस नव्हता, स्वच्छ ऊन होतं. भाऊजी गाडी चालवत होते, शेजारी मिस्टर. मधल्या सीटवर मी आणि जाऊबाई. मागं आई.

त्यांचा पट्टा नेहमीसारखा मीच लावला.

वारंगा फाटा मागं पडला आणि...

टिंग. टिंग. टिंग.

"थांबव रं सोनाजी," मागून आई म्हणाल्या. "आज तरी उतरू दे तिला. लई दिवसापासून गाडीतच हाय ती. तकलीफ होऊन राहिली तिला."

"एसटी हाय का ही?" भाऊजी खेकसले. "भुताला स्टॉप देऊ का आता? कंडक्टर हाय का मी?"

जाऊबाई हसल्या. खरं सांगते, हसू मलाही आलं.

पूल जवळ आला. भाऊजींनी मुद्दाम गाडी जोरात सोडली. बाभळी सर्रकन मागं गेल्या.

आणि टिंग टिंग बंद झालं.

गाडीत एकदम शांत झालं. मागं आईंचं बोलणंही थांबलं. रुसल्या असतील, मी मनात म्हटलं. नाहीतर डोळा लागला असेल. मी वळून बघितलं नाही. जाऊबाई बारशातल्या साड्यांबद्दल बोलत होत्या, कोणाची खरी, कोणाची नकली. आखाडा बाळापूर येईपर्यंत आम्ही त्याच विषयावर होतो.

बाळापूरला भाऊजींनी चहासाठी गाडी थांबवली.

जाऊबाई पाण्याची बाटली घेऊन मागं वळल्या.

बाटली हातातून पडली.

मागं कोणी नव्हतं.

आईंच्या सीटवर पट्टा होता. लावलेला. खटका बसलेला. पट्टा ताणून बसला होता... पण त्याच्या आत माणूस नव्हतं.

मी तो खटका स्वतः दाबून उघडला. पट्टा सर्रकन आत गेला.

तिसऱ्या रांगेला दरवाजा नसतो. बाहेर पडायचं तर मधली सीट दुमडावी लागते, आणि मधल्या सीटवर आम्ही दोघी बसलो होतो. मागचं डिकीचं दार आतून उघडत नाही. नांदेडपासून गाडी कुठंही थांबली नव्हती.

भाऊजी डिकी उघडत होते. बंद करत होते. पुन्हा उघडत होते. एवढा मोठा माणूस, आई सीटखाली सापडेल म्हणून वाकून बघत होता. तेव्हाही मला त्यांची कीव आली नाही. रागच आला.

"पुलावर चला," मी म्हटलं.

मला ते कसं सुचलं, माहीत नाही.

भाऊजींनी गाडी उलटी वळवली. मिस्टर आयुष्यात पहिल्यांदा हुंदके देत होते. पूल दिसला...

बाभळीच्या सावलीत, कठड्यावर, आई बसल्या होत्या.

केस नीट. पदर डोक्यावर. पायांत चपला. अंगावर धुळीचा कण नाही.

आम्ही धावत गेलो. भाऊजींनी त्यांचे पाय धरले.

"ओरडून काहून राहिले?" आई म्हणाल्या. "तूच तर गाडी थांबवली ना रे सोनाजी. तूच दार उघडलं. मी म्हनलं, तिच्या पायात जोर न्हाई, मी जाते संगं. तू म्हनला, जा."

भाऊजींनी गाडी थांबवली नव्हती. उलट ते आईंवर खेकसले होते, ते आम्ही तिघांनी ऐकलं होतं.

"ती बाई कुठं गेली?" मी विचारलं.

आईंनी नाल्याकडं हात केला. नाल्यात गुडघाभरही पाणी नव्हतं. पलीकडं नुसतं सोयाबीन. दूरवर माणूस नाही.

घरी आल्यावर डॉक्टरांना दाखवलं. साधं खरचटलेलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी कोणी नसताना मी त्या गाडीच्या तिसऱ्या रांगेत जाऊन बसले. पट्टा लावला. तो न काढता अंग सोडवून बघितलं. मधली सीट न दुमडता बाहेर पडून बघितलं. मी पस्तिशीची आहे, माझे गुडघे शाबूत आहेत.

नाही जमलं.

भाऊजींनी गाडी किशनरावला परत नेऊन दिली. मी सोबत गेले होते. वाटलं होतं तो भाव पाडेल, खोट काढेल, हुज्जत घालेल.

त्यानं गाडीकडं बघितलंसुद्धा नाही. पहिला प्रश्न त्यानं हा विचारला,

"आई घरी हायत ना?"

"म्हणजे काय? तुम्हाला काय माहीत?" मी ओरडले.

त्यानं किल्ली खिशात टाकली आणि आत निघून गेला. भाऊजी "चल, चल" करत मला ओढत बाहेर घेऊन आले. पुढच्या गिऱ्हाइकाला खरं सांगायला लावा, असं मी त्यांना कितीदा म्हटलं. त्यांचं उत्तर एकच. "आपली सुटका झाली ना?" असा हा माणूस. गाडी त्याच महिन्यात विकली गेली म्हणे. कुठं, कोणाला, माहीत नाही. हे लिहायचं एक कारण तेच.

आम्ही शेवटी नवी गाडी घेतली. लहान. भाऊजींना आवडली नाही, मग मला आवडली.

इथं संपलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं. बिघडलेला सेन्सर, म्हातारपण, आमचं बेसावध असणं, असं काहीतरी जुळवून गप्प बसले असते.

पण दिवाळीच्या सुमारास एका संध्याकाळी मी आईंच्या पायाला तेल लावत होते. सहज विचारलं, "आई, ती बाई तुमच्याशी एवढं काय बोलायची?"

"घरचंच," आई म्हणाल्या. "तुमच्या घरी कोन कोन हाय, इचारायची. मी सांगितली सगळ्यांची नावं. सोनाजी, धम्मानंद, तू, लेकरं."

"आणि तिचं नाव?"

"ते न्हाई सांगितलं तिनं. उतरताना मात्र एक इचारलं."

"काय?"

"म्हनली, मधी बसलेल्या धाकट्या सूनबाईच्या पोटातल्याचं नाव काय ठेवनार?"

माझा हात थांबला.

त्या दिवशी पुलावर मलाच माहीत नव्हतं. मला कळलं त्यानंतर पंधरवड्यानं.

"तुम्ही काय सांगितलंत?"

"मला काय ठावं? म्हनलं, ठेवलं की सांगू." आई साधेपणानं म्हणाल्या. "ती म्हनली, बरं. थांबते."

लेक झाली. गोरीपान, निरोगी. आता दोन महिन्यांची आहे. नाव आम्ही दोघांनी केव्हाच ठरवलंय, मी आणि मिस्टरांनी, एकमेकांच्या कानात. बारसं अजून केलेलं नाही. सासर-माहेरचे रागावतात, भाऊजी टोमणे मारतात, शिकलेली बाई असून काय थेरं म्हणतात.

आई मात्र रोज तिला मांडीवर घेतात, आणि रोज मला विचारतात...

"काय नाव ठेवलं गं? सांग की. मला सांगायचंय."