खंडेनवमीचा ड्रम

दुरुस्त केलेला रेडिओ लगेच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा नाही, हा माझ्या दुकानाचा नियम. निदान दुपारभर तो वाजत ठेवायचा. आतले व्हॉल्व्ह नीट तापले की खरा दोष बाहेर पडतो. भाऊसिंगजी रोडवरच्या माझ्या त्या चिंचोळ्या दुकानात असेच रेडिओ तापवत बसलो असताना मला जॅझ ऐकायला मिळालं, आणि ते खूळ डोक्यात शिरलं ते शिरलंच.

कोल्हापुरात तालाला काही तोटा नाही. हलगी आहे, ढोल आहे, लेझीम आहे. पण एकच माणूस दोन हातांनी आणि दोन पायांनी चार निरनिराळ्या गोष्टी बोलतो आणि त्या चारी एकमेकींना उत्तरं देतात, हे मी त्या पेटीतूनच पहिल्यांदा ऐकलं. खोक्यांवर, डब्यांवर मी हात बसवला. इथल्या सिनेमाच्या स्टुडिओच्या वाद्यवृंदात कधी जागा रिकामी असली तर उसन्या ड्रमवर वाजवूनही आलो. तिथले वादक गालातल्या गालात हसायचे. “काय रेडिओवाले, स्टेशन लागलं का?” असं विचारायचे. एका विलायती मासिकातलं ड्रमसेटचं चित्र मी दुकानाच्या भिंतीला चिकटवलं होतं, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी झाक असलेलं. तसा सेट मिळाला की मुंबईच्या हॉटेलातल्या बँडमध्ये जायचं आणि दुकानाला कुलूप लावायचं, एवढंच माझं आयुष्याकडे मागणं होतं. त्यातला सेट मिळाला, हेच माझं दुर्दैव.

सेट सापडला कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला. संस्थान विलीन झालं त्याच वर्षी. लढाईच्या काळात तिथे पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. ते लोक गेले, त्यांच्या जागी सिंधी आले, आणि मागे राहिलेलं सामान एका बराकीत घालून हंबीरराव नावाचा राखणदार त्याच्यावर बसून होता. मी तिथल्या एका दुकानदाराचा रेडिओ पोचवायला गेलो होतो. बराकीच्या दारातून ती शिंपल्याची झाक दिसली आणि माझे पाय तिथेच थांबले. पायाने वाजवायचा मोठा ड्रम, साईड ड्रम, झांजा, सगळं चित्रातल्यासारखं. फक्त चामडी तेवढी सुरीने उभी चिरलेली होती, एकूण एक.

“न्या की पावणं,” हंबीरराव म्हणाला. “त्यांच्या गाडीत जागा हुती. तरीबी नेला न्हाय त्यांनी.”

चामडी चिरणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या हासडत मी सेट टांग्यात चढवला.

हलग्या मढवणाऱ्या आकारामकडून मी नवी चामडी चढवून घेतली. त्याचं काम चोख होतं. पण ड्रम वाजेना. लाकडी पाट बडवावा तसा ठप्प आवाज. चामडं सैल केलं, ताणलं, उन्हात तापवलं. झांजेवर काठी मारली तर घोंगडीवर मारल्यासारखी वाटायची. आवाज कुठे अडकलाय हे शोधणं हाच माझा धंदा. इथे तो कुठे अडकलेला नव्हता, मुळात नव्हताच. आयुष्यात एक गोष्ट मागितली आणि ती अशी मुकी निघाली, याचा मला इतका राग आला की त्या आठवड्यात मी घरात कुणाशी धड बोललो नाही.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातली हत्यारं-अवजारं पूजायची. आमची आई, म्हणजे अक्का, त्यातून घरात चालणारी एकही वस्तू सोडायची नाही. त्या वर्षी पाटावर जागा पुरेना, तेव्हा तिने मोठा ड्रम आडवा करवला आणि त्याचाच चौरंग केला. त्यावर गजराचं घड्याळ मांडलं, अडकित्ता, माझा हातोडा, देवघरातली घंटा. माझी बायको प्रमोदिनी हळदकुंकू वाहायला वाकली तेव्हा तिच्या बांगड्या चामड्याला टेकल्या. शेवटी अक्काने आमच्या सरोजिनीला उचललं. तिला अजून वर्ष व्हायचं होतं.

“पाया पड बाळा,” अक्का म्हणाली. “बाबाचं वाद्य हाय.” आणि तिचं कपाळ तिने ड्रमला टेकवलं.

दसऱ्याला पूजा हलवल्यावर मी सहज काठ्या उचलल्या, आणि सेट बोलला. साईड ड्रममधून बारीक, कोरडा, नेमका ठेका निघाला. आनंदाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी संध्याकाळपर्यंत वाजवत बसलो. दिवेलागणीला अक्का म्हणाली की घड्याळ बंद पडलंय. पण काटे तर चालत होते. कानाला लावलं, टिकटिक मात्र नव्हती. मी ते उघडून पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं. जुनं झालंय, असं म्हणून मी ते फळीवर ठेवलं.

त्यानंतर देवघरातली घंटा गेली. अक्का हलवायची, लोळा आतून आपटताना दिसायचा आणि ऐकू काहीच यायचं नाही. तिकडे झांजेत मात्र एक गोड झणकार आला होता, लहानपणापासून रोज सकाळी ऐकलेला. अडकित्ता सुपारी मुकाट्यानेच फोडू लागला. मग एकदा प्रमोदिनी भाकरी थापत होती आणि मी तिच्या हातांकडे पाहत राहिलो. हात भरून बांगड्या होत्या आणि त्या वाजत नव्हत्या. इकडे सेटमधल्या पायाने वाजवायच्या झांजा उघडझाप करताना काचेची किणकिण करायच्या. हे सगळं मला दिसत होतं, पण मी तोंड मिटून होतो. कारण त्या सेटवर हात असा चालायला लागला होता की स्टुडिओतले हसणारे वादक आता बिड्या विझवून ऐकायला बसायचे. तिथेच मुंबईच्या एका हॉटेलातला बँडमास्तर लोबो ध्वनिमुद्रणाला आला होता. त्याने माझं वाजवणं उभ्या उभ्या ऐकलं आणि दिवाळीनंतर सेट घेऊन ये म्हणाला.

ही बातमी घेऊन मी घरी आलो. सरोजिनी पाळण्यात रडत होती. तोंड उघडं, चेहरा लाल, गालांवर पाणी. शेजारीच पाठ करून अक्का तांदूळ निवडत होती. तिला ऐकूच आलं नव्हतं. रडणं होतं, आवाज नव्हता.

डॉक्टरांनी घसा पाहिला. काही दोष नाही म्हणाले.

घरी आल्यावर मी मोठ्या ड्रमवर एकदा पाय मारला, एकदाच. आतून जे आलं ते आईबापाला ओळखू येतंच. प्रमोदिनी स्वयंपाकघरातून धावत आली आणि पाळण्याकडे न जाता ड्रमपाशी येऊन उभी राहिली.

“फोडून टाका तो,” ती म्हणाली.

माझा हात धजला नाही. तसली वस्तू पुन्हा बनत नाही. शिवाय मला माझी अक्कल होती. विजेची मोटर रेडिओपासून लांब नेली की खरखर थांबते, तसा सेट घराबाहेर गेला की सगळं मूळपदावर येईल, असं मी धरून चाललो. तो लोबो मास्तरकडे पाठवून दिला आणि स्वतः गेलो नाही. जन्माचं स्वप्न सोडलं, म्हणजे फार मोठा त्याग केला, असं मला वाटलं होतं.

घरात काही परत आलं नाही.

मी वळिवड्याला गेलो. हंबीरराव तिथेच होता. ती चामडी कुणी चिरली होती, असं मी त्याला विचारलं.

“कुनी म्हंजे? छावणीतल्या पोरांच्या आयांनीच की. सुऱ्या घिऊन आल्या आन फाडलं समदं.” तो बराकींकडे पाहत राहिला. “त्या दिशी बराकीतली समदी लेकरं एकदम वरडाय लागली बगा. तवर म्या त्यातल्या एकाचाबी आवाज ऐकला नव्हता.”

मी तडक मुंबई गाठली. पिशवीत सुरी होती. लोबो मास्तर बँड घेऊन बोटीवर गेला होता. कुठल्या, ते हॉटेलात कुणाला ठाऊक नव्हतं.

प्रमोदिनी मला त्याबद्दल कधी बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. तिच्या बांगड्या अजून वाजत नाहीत.

सरोजिनी आता पाटी-दप्तर घेऊन शाळेत जाते आणि सुटली की माझ्या दुकानात येऊन बसते. परवा दुपारी एक रेडिओ तापत ठेवला होता. कुठल्या तरी लांबच्या स्टेशनवर जॅझ लागलं. आधी घड्याळाचा तो कोरडा ठेका. मग घंटा. मग बांगड्या.

मी बटणाकडे हात नेला.

मोठा ड्रम वाजला. त्यातला आवाज आता तान्ह्या बाळाचा राहिला नव्हता. शाळेत जाणाऱ्या मुलीचा होता.

सरोजिनीने पाटी खाली ठेवली. माझ्याकडे पाहून ओठ हलवले.

“बाबा,” पेटीतून ऐकू आलं, बरोबर ठेक्यावर.